समुद्र समोर, पण वाट कुठाय?

फोनवरचा नकाशा सांगतोय, समुद्र दोनशे मीटरवर. लाटांचा आवाजही येतोय. पण समोर पुरुषभर उंचीची भिंत, भिंतीवर काचा आणि गेटवर पाटी, ‘खासगी मालमत्ता, प्रवेश बंद’. मांडव्याला उतरून भाड्याच्या स्कूटरवर किहीम, अलिबाग, रेवदंडा असा वीकेंड काढला असेल, तर हा सीन तुम्हाला नवा नाही. मग ग्रुपमधला एखादा टपरीवर जाऊन विचारतो, “काका, बीचवर जायचं कुठनं?” काका हात करतात ते दोन वाड्यांमधल्या एका फटीकडे. तुम्ही तिच्यावरूनच दोनदा पुढेमागे गेलेले असता! जेमतेम दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी जागा, वर नारळाची सावली, खाली वाळू मिसळलेली माती. आणि पलीकडे एकदम अख्खा समुद्र.

आपण तिथं एक रील काढतो आणि ती वाट विसरून जातो. आज जरा त्या वाटेवरच थांबू या. कारण अशा वाटा कमी होतायत, आणि त्या गेल्याचं बहुतेकांना कळतसुद्धा नाही.

रेवदंड्याचंच बघा. अलिबागपासून साधारण सतरा किलोमीटर. पोर्तुगीजांनी बांधलेला तट, जो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, आणि त्या तटाच्या आत अजूनही नांदतं गाव. डांबरी रस्ता थेट तटातून आत शिरतो. आत घरं, देवळं, पडक्या चर्चचे अवशेष, सातखणी बुरूज आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. या वाड्यांच्या मधून बोळ निघतात आणि किनाऱ्याला लागतात. कुठल्या इंजिनीअरनं ते आखलेले नाहीत. माणसं रोज चालली, म्हणून ती वाट झाली.

आणि चालत कोण होतं? पहाटे होडीवर जाणारा कोळी. टोपली डोक्यावर घेऊन परतणारी त्याची बायको. ओहोटीला खुबे काढायला निघालेल्या आज्या. नारळी पौर्णिमेचा नारळ याच वाटेनं वाजतगाजत जातो, गणपतीही याच वाटेनं विसर्जनाला जातात. पावसाळ्यात गावातलं पाणी समुद्राकडे उतरतं तेही बऱ्याचदा अशाच बोळातून. तिथं भिंत आली की माणसाला वळसा पडतोच, शिवाय पाणी कुणाच्या तरी पडवीत शिरतं. आपल्यासाठी जो ‘बीच ॲक्सेस’, तो तिथल्या माणसासाठी कामावर जायचा रस्ता आहे. उद्या तुमच्या कॉलेजच्या गेटसमोर कुणी भिंत बांधली आणि म्हणालं, दीड किलोमीटरवर दुसरं गेट आहे की, तर?

आता या वाटा जातात कशा? फार साधी गोष्ट आहे. जुन्या वाडीवाल्याच्या जमिनीतून वाट जायची. त्यानं कधी अडवलं नाही, त्याच्या आजोबानंही नाही. सगळं तोंडी. मग मुलं मुंबईला गेली, वाडी विकली गेली. सातबाऱ्यावर नवीन नाव चढलं, क्षेत्र चढलं. तोंडी वाट मात्र त्या कागदावर नव्हतीच, त्यामुळे नव्या मालकाला ती दिसलीच नाही. त्यानं रीतसर कंपाउंड घातलं. यात दरवेळी कुणी व्हिलन असतोच असं नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे. वाट होती असं शंभर माणसं सांगतात, भिंतीचा मात्र कागद असतो.

पण थांबा, कागद आपल्याही बाजूला आहेत.

पहिला म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा आणि भरतीच्या रेषेखालची समुद्राची, खाडीची जमीन, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, सरकारची. म्हणजे तुम्ही ओल्या वाळूवर उभे असाल तर सहसा कुठल्याही बंगल्याच्या हद्दीत नसता. प्रश्न तिथपर्यंत पोचायचा आहे.

दुसरा म्हणजे सीआरझेड, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. त्यात किनाऱ्यावरच्या हॉटेल-रिसॉर्टसाठी स्पष्ट लिहिलंय की दोन रिसॉर्टच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा लोकांना किनाऱ्यावर जायला ठेवायची. वाचायला मस्त वाटतं ना? पुढच्या वेळी एखाद्या किनाऱ्यावर मोजून बघा. आणि हेही लक्षात घ्या की हा नियम हॉटेल-रिसॉर्टच्या नियमावलीत येतो. ओळीनं उभे राहिलेले वीकेंड बंगले त्यात बसत नाहीत, आणि आपल्याकडे खरी रांग त्यांचीच आहे.

लॉ करणाऱ्यांनी एक केस तर वाचायलाच हवी, ‘फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्टिन्स’. गोव्यात पणजीजवळ ताळगावच्या हद्दीत वायंगिणीचा किनारा आहे. तिथं हॉटेलसाठी सरकारनं जमीन संपादित करून दिली. १९८३ च्या करारात एक अट होती, किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट खुली ठेवायची. पुढे वाट अडली आणि लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००० साली लोकांच्या बाजूनं निकाल दिला, आणि २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. समुद्रकिनाऱ्यासारखी निसर्गाची देणगी सरकारकडे विश्वस्त म्हणून असते, ती सरकारनं कुणा एकाच्या घशात घालायची नसते, असा या निकालाचा गाभा. एका पायवाटेसाठी सुप्रीम कोर्ट! पण तिथंही लोक जिंकले त्यात त्या लिहिलेल्या अटीचा मोठा वाटा होता. तोंडी वाटेला एवढं बळ मिळणं कठीण गेलं असतं.

आता जरा आपल्याबद्दल. रागावू नका. काही वाटा बंगलेवाल्यांनी नाही, गावकऱ्यांनीच बंद केल्यात, आणि त्या आपल्यामुळे. अरुंद बोळात आडव्या लावलेल्या बाइक, रात्री दोन वाजता ब्लूटूथ स्पीकर, वाडीत फेकलेल्या बाटल्या. अनवाणी चालणाऱ्या मावशींच्या पायात काच घुसली की त्या वाटेला बांबू आडवा लागतो. मीही कॉलेजात असताना अशाच एका बोळात गाडी लावली होती. परत आलो तर मागे चौघं जण जाळं खांद्यावर घेऊन उभे. कुणी शिवी दिली नाही. एक जण एवढंच म्हणाला, “भरती थांबत नाय रे बाबा.” शिवी परवडली असती.

तर करता काय येईल? सुरुवात नकाशापासून. महसूल विभागाच्या ‘महाभूनकाशा’ या साइटवर गाव आणि गट नंबर टाकून नकाशा बघता येतो. मूळ गावनकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. जुन्या गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. ती बारीक रेषा सापडली की उड्या मारा, कारण तोच तुमचा कागद! शहराच्या हद्दीत असाल तर सिटी सर्व्हेचा नकाशा मागा.

नकाशात रेषा नाही सापडली तर काम वाढतं, पण संपत नाही. जी वाट आज चालू आहे ती चालून फोनवर ट्रॅक रेकॉर्ड करा, फोटो तारखेसकट ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे बसा. कोणती वाट, कधीपासून, कोण जायचं, होडी कुठं लागायची, हे विचारा आणि त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करा. मग हे सगळं ग्रामसभेत ठेवून वाटांची यादी ठरावात आणता येते. भूगोल, आर्किटेक्चर, मास मीडियावाल्यांना आयता प्रोजेक्ट आहे. एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प लागलाच कोकणात, तर आधीच शंभरदा रंगवलेली शाळेची भिंत यंदा राहू द्या.

एक मात्र पाळा. भिंतीवरून उडी मारून आत शिरू नका आणि वॉचमनशी हुज्जत घालू नका. तो त्याच गावचा असतो, कदाचित त्याचीच आजी त्या वाटेनं खुब्यांना जायची. त्यालाच विचारा, “दादा, इथनं पूर्वी वाट होती का हो?”

बहुतेकदा तो आधी मालकाच्या खिडकीकडे बघेल. मग हातातल्या काठीनं दाखवेल, तिकडे, त्या पिवळ्या भिंतीच्या मागं.