माजी सैनिकांचीं मंडळें कशीं टिकतात?

लढाई संपली, सैनिक घरीं परतला, गांवानें त्याची मिरवणूक काढली, म्हणजे समाजाचें त्याच्याविषयींचें कर्तव्य पुरें झालें, अशी एक समजूत आपल्या लोकांत रूढ आहे. वास्तविक सैनिकाची खरी अडचण तेथूनच सुरू होते. ज्या माणसानें पंधरा-वीस वर्षें पलटणींत काढलीं, ठराविक वेळीं उठणें, चार जणांच्या जोडीनें काम करणें आणि एकमेकांच्या जिवाची जबाबदारी घेणें हेंच ज्याचें जीवन झालें, त्याला गांवच्या पारावर एकाएकीं निरुद्योगी बसणें शिक्षेसारखें वाटतें. म्हणून अनेक देशांत माजी सैनिकांनीं आपापलीं मंडळें काढलीं. मंडळ काढणें सोपें आहे. पहिल्या सभेस मांडव अपुरा पडतो. पुढें पांच वर्षांनीं त्याच मंडळाच्या वार्षिक सभेस गणपूर्तीसाठीं माणसें घरून बोलावून आणावीं लागतात. असें कां होतें, आणि जेथें मंडळें टिकलीं तेथें काय केलें गेलें, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'सभासद' हा शब्द संस्कृतांतला. सभेंत बसतो तो सभासद, एवढाच अर्थ आपण शाळेंत शिकतों. परंतु ज्या 'सद्' धातूपासून तो निघाला, त्याचे अर्थ वैयाकरणांनीं तीन दिले आहेत: विशरण म्हणजे विखुरणें, गति म्हणजे चालणें, आणि अवसादन म्हणजे खचणें. 'विषाद' व 'अवसाद' हे शब्द त्याच धातूचे. कोणत्याही मंडळाच्या सभासदांची अवस्था या तिहींपैकीं एक होते. कांहीं विखुरतात, कांहीं मनानें खचून घरीं बसतात, आणि ज्यांस चालावयास वाट मिळते तेवढेच टिकतात. आमच्या मतें सारा प्रश्न ही वाट दाखविण्याचा आहे. मानाची खुर्ची दिल्यानें माणूस सभेस येतो. काम दिल्यानें तो मंडळांत राहतो.

या बाबतींत अमेरिकेंतील एका संस्थेचा इतिहास फार बोधप्रद आहे. १८६१ ते १८६५ या काळांत त्या देशाच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमध्यें यादवी युद्ध झालें. तें संपल्यावर ६ एप्रिल १८६६ रोजीं इलिनॉय राज्यांतील डिकेटर या गांवीं बेंजामिन स्टीफन्सन या, पलटणींत वैद्य म्हणून काम केलेल्या गृहस्थानें उत्तरेकडील सैनिकांचें एक मंडळ स्थापन केलें. 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' हें त्याचें नांव. बंधुत्व, परोपकार आणि निष्ठा हीं त्याचीं तीन ब्रीदें. गांवोगांवीं त्याच्या शाखा निघाल्या. त्यांस लष्करी रीतीप्रमाणें 'पोस्ट', म्हणजे ठाणें, असें म्हणत.

आरंभ झोकांत झाला खरा, पण लवकरच उतरती कळा लागली. तिचीं मुख्य कारणें दोन. पहिलें हें कीं, मंडळ निवडणुकीच्या राजकारणांत ओढलें गेलें. तें रिपब्लिकन पक्षाच्या हातचें हत्यार आहे अशी समजूत पसरली, आणि ज्यांस तें राजकारण नको होतें ते दूर झाले. दुसरें कारण आम्हांस अधिक शिकविणारें वाटतें. १८६९ सालीं चालकांनीं सभासदांच्या तीन पायऱ्या ठरविल्या: रिक्रूट, सोल्जर आणि व्हेटरन, म्हणजे नवशिका, शिपाई आणि मुरलेला योद्धा. युद्धाच्या धुमश्चक्रींतून जो जिवंत परतला, ज्याचा सोबती त्याच्या डोळ्यांदेखत पडला, त्याला मंडळाच्या दारांत 'नवशिका' म्हणून उभें राहण्यास सांगितलें, तर तो आंत कशाला येईल? लोक निघून जाऊं लागले. १८७१ सालीं ही पद्धति रद्द करावी लागली. तरी ओहोटी थांबली नाहीं. १८७६ च्या सुमारास सभासदसंख्या तीस हजारांच्याही खालीं गेली होती.

आपल्याकडील मंडळांच्या चालकांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. माणसें टिकावींत म्हणून आपण पदें वाढवितों. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद सल्लागार, अशी नांवांची माळ पत्रिकेवर छापली जाते. शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या स्तनांतून दूध येत नाहीं. संस्कृत पंडित निरुपयोगी वस्तूस त्याचीच उपमा देतात. ज्या पदास काम नाहीं तें पद या प्रकारचें. तें ज्याला मिळतें त्यालाही फार दिवस सुख देत नाहीं, आणि ज्याला मिळत नाहीं तो मात्र रुसून बसतो.

अमेरिकेंतील त्या मंडळाची कथा एवढ्यावर संपली असती तर तिचा उल्लेख करण्याचें कारण नव्हतें. पण १८९० सालीं त्याच मंडळाचे सभासद चार लाखांवर गेले होते. मधल्या चौदा वर्षांत घडलें काय? सभासदांच्या हातांत कामें आलीं. ठाण्यांनीं मदतनिधि उभारले. आजारी सोबत्याच्या घरीं जाणें, मृत सैनिकाच्या विधवेस व पोरक्या मुलांस आधार देणें, ज्यांस कोणी नाहीं अशा वृद्ध सैनिकांसाठीं आश्रम काढण्याकरितां सरकारच्या मागें लागणें, हीं कामें होऊं लागलीं. पेन्शनच्या कायद्यासाठीं त्यांनीं मोठी चळवळ केली, आणि १८९० मध्यें तसा एक व्यापक कायदा झाला. पेन्शनच्या आशेनें पुष्कळ लोक मंडळांत आले हें खोटें नाहीं. परंतु स्वतःच्या अर्जासाठीं आलेला माणूस शेजाऱ्याचा अर्ज लिहून देऊं लागला, कीं तो मंडळाचा झालाच म्हणून समजावें.

त्यांच्या कार्यांपैकीं एक तर त्या देशाच्या पंचांगांतच जाऊन बसलें. १८६८ सालीं मंडळाचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनीं आज्ञा काढली कीं, ३० मे या दिवशीं सर्व शाखांनीं युद्धांत पडलेल्या सोबत्यांच्या थडग्यांवर फुलें वाहावींत. आज मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं तेथें जो राष्ट्रीय स्मृतिदिन पाळतात, त्याची वाढ या प्रथेंतून झाली. या योजनेंतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. थडगीं शोधणें, नांवें लावणें, फुलें जमविणें, मुलांस बरोबर नेणें, यांत प्रत्येकास, लंगड्यासही, कांहींतरी करण्यासारखें होतें. शिवाय १८८३ पासून 'विमेन्स रिलीफ कोअर' ही स्त्रियांची संस्था या मंडळाची अधिकृत सहकारी झाली. घरांतील स्त्री ज्या कार्यांत आहे, तें कार्य घरांतील पुरुष सहसा सोडीत नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको.

इतकें असूनही हें मंडळ आज नाहीं. ज्यानें १८६१ ते १८६५ च्या युद्धांत उत्तरेच्या बाजूनें सेवा केली त्यालाच सभासद करावयाचें, असा त्याचा नियम होता. १९४९ सालीं इंडियानापोलिस येथें शेवटचें अधिवेशन भरलें, तेव्हां अवघे सहा वृद्ध हजर होते. शेवटचे सभासद अल्बर्ट वूल्सन हे २ ऑगस्ट १९५६ रोजीं वारले, आणि त्यांच्याबरोबर मंडळही संपलें. आपल्यामागून दुसऱ्या कोणीं आपलें नांव लावूं नये, या निश्चयांत एक प्रकारचा भारदस्तपणा आहे. परंतु ज्यांस संस्था टिकवावयाची आहे त्यांनीं १९१९ सालीं निघालेल्या 'अमेरिकन लीजन'चा कित्ता गिरवावा. पहिल्या महायुद्धांतील सैनिकांची ही संस्था; तिनें १९४२ मध्यें आपले नियम बदलून दुसऱ्या महायुद्धांतील तरुणांस आंत घेतलें. म्हाताऱ्यांच्या हातांतील काम तरुणांच्या हातीं गेलें, आणि संस्था जिवंत राहिली.

इंग्लंडमधील उदाहरणही थोडक्यांत सांगतों. पहिल्या महायुद्धानंतर तेथें माजी सैनिकांच्या चार निरनिराळ्या संस्था झाल्या होत्या. एक अधिकाऱ्यांची, बाकीच्या इतरांच्या. १५ मे १९२१ रोजीं त्या एकत्र होऊन 'ब्रिटिश लीजन' बनली. फील्डमार्शल हेग हे तिचे अध्यक्ष, आणि कार्यकारी मंडळाचे पहिले प्रमुख टी. एफ. लिस्टर हे सैन्यांतील खालच्या श्रेणींतून आलेले गृहस्थ. हुद्दा उंबऱ्याबाहेर ठेवावा, हा धडा याहून चांगला कोण देईल? पुढच्याच वर्षीं मेजर जॉर्ज हॉसन यांनीं लंडनमध्यें पांच अपंग सैनिकांस घेऊन कागदी व कापडी खसखशीचीं लाल फुलें करण्याचा कारखाना काढला. एक हात निकामी झालेल्या माणसासही तें फूल जोडतां यावें अशी त्याची रचना केलेली होती. फुलें विकून निधि जमला, ही गोष्ट मोठी. पण ज्याचा हात गेला त्याला 'तुझ्या उरलेल्या हाताची गरज आहे' असें सांगणें, ही त्याहून मोठी.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या देशांत सैनिकांची संख्या थोडी नाहीं. साताऱ्याजवळील एक गांव तर 'अपशिंगे मिलिटरी' या नांवानेंच ओळखलें जातें. आपला शिपाई पुष्कळदां पस्तिशी-चाळिशींतच निवृत्त होतो. म्हणजे संसाराचा भार ऐन अंगावर असतां त्याचा गणवेश उतरतो. सरकारनें त्याच्यासाठीं केंद्रीय सैनिक मंडळ व जिल्ह्याजिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालयें ठेवलीं आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळून निधि गोळा होतो. २००३ पासून माजी सैनिकांसाठीं औषधोपचाराची अंशदायी योजना आहे. पण सरकारी कचेरी कागद घेते. कागद भरावयास शिकविणारा शेजारी लागतो. हल्लीं सैनिकी पेन्शनचा व्यवहार 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेंतून होतो. खेड्यांतील सत्तर वर्षांच्या विधवेनें दरवर्षीं हयातीचा दाखला वेळेवर कसा द्यावा, नांवांतील एका अक्षराची चूक कशी दुरुस्त करून घ्यावी? तो दाखला न गेल्यामुळें पेन्शन थांबलें, तर त्या घरांतील चूलही मंदावते.

आमचा एक विद्यार्थी हवालदार म्हणून निवृत्त झाला आहे. त्याला आम्हीं सहज विचारलें, "अरे, तुमच्या मंडळाच्या सभेस हल्लीं जात नाहींस?" तो म्हणाला, "गुरुजी, प्रत्येक सभेंत हार घालतात, चहा देतात आणि भाषण ऐकवितात. काम कोणी सांगत नाहीं." या उत्तरावर आम्हांस अधिक कांहीं सुचलें नाहीं, कारण रोगाचें निदान त्यानें एका वाक्यांत केलें होतें.

तेव्हां चालकांनीं काय करावें? नवा सभासद आला कीं पहिल्याच महिन्यांत त्याला एक लहान पण खरें काम नेमून द्यावें. दोन विधवांचीं नांवें त्याच्याकडे सोंपवावींत आणि त्यांचे कागद पुरे झाले कीं नाहीं, हें पुढच्या सभेंत त्यानें उभें राहून सांगावें. सभेस जे आले त्यांची हजेरी सर्वच घेतात. जे आले नाहींत त्यांची यादी करून आठवड्याच्या आंत त्यांच्या घरीं एक माणूस जावा. वर्गणी मागण्यास नव्हे, विचारपूस करण्यास. सुभेदार आणि शिपाई यांनीं सभेंत एका सतरंजीवर बसावें. निवडणुकीच्या हंगामांत मंडळाचा फलक कोणत्याही पक्षाच्या मांडवांत दिसूं नये. सैनिकांच्या पत्नींस व विधवांस मत असावें, केवळ हळदीकुंकवाचें आमंत्रण नव्हे. आणि दार उघडें असावें. २०२२ च्या अग्निपथ योजनेनें चार वर्षांच्या सेवेची रीत आली आहे. त्यांतून जे तरुण पेन्शनशिवाय परत येतील त्यांस 'तुम्ही आमच्यांतले कीं नाहीं' हा वाद घालीत उंबऱ्यावर उभें करणें म्हणजे १८६९ ची चूक पुन्हां करणें होय.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सैनिक नसेल. पण म्हातारीं माणसें तर आहेतच. एकत्र कुटुंबांत आजोबांस उंच पाटावर बसवून त्यांच्या पायां पडलें, तेवढ्यानें ते प्रसन्न राहत नाहींत. नातवाचे पाढे त्यांनीं घ्यावेत, वाण्याचा हिशेब त्यांनीं तपासावा, आत्याबाईंनीं तांदूळ निवडून द्यावेत, लोणच्यांत मीठ किती तें त्यांस विचारावें, म्हणजे तीं माणसें घरांत खऱ्या अर्थानें राहतात. जें घराला लागू तेंच मंडळाला लागू. आणि आपल्या आळींत कोणी निवृत्त सैनिक असेल, तर त्यास येत्या ध्वजदिनीं हार घालावयास जाण्यापूर्वीं वाचकांनीं एवढेंच करावें: मुलांच्या व्यायामाचा एक तास, किंवा आळीच्या रात्रीच्या पहाऱ्याची व्यवस्था, असें कांहीं काम त्याच्याकडे मागावें. हार दुसऱ्या दिवशीं सुकतो. त्या कामासाठीं मात्र तो दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून तयार असेल.