बर्फातला बोका, अणदूरचं ऊन

अणदूर-नळदुर्ग पट्ट्यातल्या माणसाला जनावर बघायला शिकवावं लागत नाही. बाजारात शेळी समोर आली की तो आधी कान बघतो, मग दात, मग कंबरेवर हात ठेवून बोटांनी मणका चाचपतो. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच असते, कान लोंबते असतात, जुळी करडं देते आणि कोरड्या सालातही तगते, हे त्याला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नसतं. म्हणूनच माझी भाची घरून काम करायची मुभा मिळाल्यावर पुण्याहून अणदूरला परतली आणि सोबत मेन कून जातीचा बोका घेऊन आली, तेव्हा त्याची पहिली खरी तपासणी आमच्या ओसरीवर झाली.

बोक्याचं नाव वाघ्या. अंगावर तपकिरी-काळे पट्टे आणि गाव खंडोबाचं. दुसरं नाव सुचलंच नाही. शेळ्यांचा व्यवहार करण्यात हयात गेलेले शेजारचे आबा किंमत ऐकून म्हणाले, “एवढ्यात दुभती म्हैस आली असती की गं!” मग त्यांनी सवयीनं बोक्याच्या पाठीवर हात ठेवला, केसांत बोटं घातली आणि बरगड्या चाचपल्या. “केसच लई हायती. आत बेताचंच हाय.”

आबांनी केलं ते पशुवैद्यही करतात. लांब केसांच्या मांजराची तब्येत डोळ्यांनी कळत नाही, ती हातानंच कळते. बरगड्या हाताला लागायला हव्यात, पण टोचायला नकोत. मागून कंबर किंचित आत वळलेली हवी. भाची वजनही करते, पण तिची पद्धत साधी आहे. आधी ती एकटी काट्यावर उभी राहते, मग वाघ्याला उचलून. फरक येतो 7 किलोच्या आसपास. मेन कूनचे बोके साधारण 6 ते 8 किलोंचे, काही त्याहून जड असतात. माद्या बऱ्याच हलक्या. अमेरिकेतला स्टुई नावाचा बोका नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 123 सेंटिमीटर भरला होता आणि गिनेस बुकात गेला होता. ही मांजरं वाढतातही सावकाश. पूर्ण अंग भरायला 3 ते 5 वर्षं लागतात. म्हणून वर्षाच्या पिल्लाला खाऊ घालून घालून मोठं करायला जाऊ नये. तसं केलं तर हाडापेरानं वाढण्याऐवजी ते चरबीनं वाढतं.

पण मोठं मांजर दिसलं की ते मेन कून, असं नसतं. पर्शियनचा संकर मेन कून म्हणून विकणारे बरेच आहेत. ओळख पटते ती चेहऱ्यावरून. पर्शियनचा चेहरा चपटा. मेन कूनचं तोंड पुढे आलेलं, चौकोनी. कान मोठे, डोक्यावर उंच बसलेले, टोकांना केसांचे झुपके. धड लांबट आणि पेटीसारखं. शेपूट लांब, भरगच्च. वंशावळीचे कागद बघायचेच, पण आबांच्या भाषेत सांगायचं तर कागदाआधी तोंड बघायचं.

हे एकेक लक्षण नीट बघत गेलं की त्यामागचा मुलूख दिसायला लागतो. मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं, कॅनडाला लागून असलेलं राज्य. लाकूडतोड, शेती, अटलांटिकच्या काठावरची बंदरं आणि बर्फाचा लांबलचक हिवाळा. बंदरात लागणाऱ्या जहाजांवरची लांब केसांची मांजरं तिथल्या गावठी मांजरांत मिसळली असावीत. पुढची निवड थंडीनं आणि गोठ्यातल्या उंदरांनी केली. पोटावरचे आणि मागच्या मांड्यांवरचे केस लांब, कारण बर्फात बसायचं. खांद्यावरचे आखूड, कारण झुडपांतून घुसायचं. बोटांच्या मधे केसांचे झुपके, बर्फावर पाय रुतू नये म्हणून. शेपूट झोपताना तोंडाभोवती गुंडाळायला. केस किंचित तेलकट. पाणी चटकन आत मुरत नाही. 1895 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या मांजरांच्या मोठ्या प्रदर्शनात कोझी नावाच्या अशाच तपकिरी पट्ट्यांच्या मांजरीनं पहिलं बक्षीस मारलं. नंतर पर्शियन मांजरांची हौस आली आणि ही जात मागे पडली. 1970च्या दशकात प्रदर्शनांमध्ये तिला पुन्हा मान मिळाला, आणि 1985 साली मेननं तिला राज्याचं मांजर म्हणून जाहीर केलं.

म्हणजे उस्मानाबादी शेळी जशी आमच्या उन्हानं आणि कोरड्या माळानं घडवली, तसाच हा बोका बर्फानं घडवलेला. शेळीला इथं कुणी वेगळं सांभाळत नाही. माळ तिला सांभाळतो. वाघ्याला अणदूरचा माळ सांभाळत नाही. ते काम भाचीनं अंगावर घेतलंय, आणि ते रोजचं आहे.

मार्चपासून पारा चढायला लागतो, एप्रिल-मेमध्ये तो 40 अंशांच्या वर जातो. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग चाटून ओलं करणं, सावली गाठणं आणि गार जागेवर पोट टेकणं एवढेच उपाय त्याच्या हातात. आमच्या जुन्या वाड्याचा एक खण अजून माळवदाचा आहे, भिंती हातभर जाड, खाली शहाबादी फरशी. वाघ्यानं ती जागा स्वतःच शोधली. दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला की तो नव्या स्लॅबच्या खोलीतून उठून त्या फरशीवर जाऊन आडवा पडतो. भाचीचं लक्ष त्याच्या तोंडाकडे असतं. कुत्र्यानं जीभ काढून धापा टाकणं रोजचं. मांजर तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं की तो धोक्याचा इशारा. मग पंजे आणि कान ओल्या फडक्यानं पुसायचे, वारा घालायचा आणि डॉक्टरला फोन करायचा. पाण्यात बुडवायचं नाही.

खरा वेळ जातो विंचरण्यात. ऐन थंडीत, येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) सुमारास त्याचा कोट भरलेला असतो, छातीवर आयाळ उतरलेली. दिवस मोठा होऊ लागला की केस झडायला लागतात, आणि होळीच्या पुढे-मागे घरातल्या प्रत्येक सतरंजीवर वाघ्या असतो. भाची मांडी घालून बसते, त्याला पाठमोरं घेते. आधी स्टीलची रुंद दातांची फणी, मग बारीक. सुरुवात पाठीपासून, कारण तिथं त्याला आवडतं, काखा, पोट आणि मागच्या मांड्या नंतर, शेपूट शेवटी. गाठी होतात त्या काखेत आणि कानामागे. गाठीच्या मुळाशी चिमटीत केस धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून मुळाकडे बोटांनी सोडवत यायचं. कात्री चालवायची नाही. मांजराची कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर वर उचलली जाते. आंघोळ घालायची तर आधी विंचरायचं, कारण पाण्यानं गाठ आणखी घट्ट बसते. गच्चीवर गेला की कुसळं आणि गोखरू अडकवून येतो. “मामा, तुम्ही पुढचे पाय धरा,” एवढंच काम माझ्याकडे. त्याचा कंटाळा मला शेपटीवरून कळायला लागलाय. टोक हलायला लागलं की फणी बाजूला ठेवायची.

केस सगळे भादरून का टाकत नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. पण थंडी अडवणारा तोच कोट उन्हापासून कातडीचं संरक्षणही करतो. त्यामुळे काढायचे ते आतले सुटलेले केस, वरचे नाहीत.

खाण्याचाही असाच वाद. गावात मांजराला दूध-भाकरी घालायची रीत आहे, आणि गावठी मांजरं त्यावर जगतात असं दिसतं. प्रत्यक्षात ती जगतात उंदरांवर. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक पुरेसा बनवता येत नाही. तो मांसातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1970च्या दशकात कळलं, आणि हृदयही कमकुवत होतं, हे 1987 साली सिद्ध झालं. घरात बंद असलेल्या वाघ्याला उंदीर मिळत नाहीत. म्हणून मांजरासाठीचं तयार खाद्य, वर उकडलेली कोंबडी. कांदा-लसूण अजिबात नाही; त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

या जातीचं मोठं दुखणं हृदयाचं. हृदयाची भिंत जाड होत जाण्याचा आजार तिच्यात वंशानं येतो. त्यामागचा एक जनुकीय बदल 2005 साली सापडला आणि आता त्याची तपासणी करता येते. पिल्लू घेताना आई-बापाचा तो अहवाल मागावा, हा भाचीचा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेळी घेताना आपण मागच्या वेताची चौकशी करतोच की.

स्वभावानं हा बोका मऊ. आवाज शरीराला शोभत नाही. म्यावपेक्षा चिवचिवाट जास्त. पसरट कुंडीत पंजा बुडवून आधी पाणी हलवतो, मग पितो. माणूस ज्या खोलीत, त्या खोलीत तो. पण त्याला गच्चीपलीकडे बाहेर सोडत नाहीत: कुत्री आहेत, महामार्ग आहे. खिडक्यांना जाळी आहे.

आता अधूनमधून कुणीतरी असं पिल्लू कुठं मिळेल म्हणून विचारायला येतं. भाची पत्ता देत नाही, किंमतही सांगत नाही. “वैशाखात या, दुपारी, वीज गेलेली असताना,” ती म्हणते, “आणि तासभर याला विंचरून दाखवा. मग बोलू.” आबांना हे पटलंय. त्यांच्या मते जनावराला आधी कोरड्या सालात बघावं, हिरव्या चाऱ्यावर तर कुठलंही जनावर चांगलंच दिसतं.