क्लिंगॉन मांजराला काय म्हणतात?

“स्टार ट्रेक”मधले क्लिंगॉन म्हणजे कपाळावर उंचवटे असलेले, भांडायला सदा तयार असे परग्रहवासी. १९८४च्या “द सर्च फॉर स्पॉक” या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने त्यांची भाषा पद्धतशीर रचली आणि पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोशही आला. अंतराळयानं, शस्त्रं, हुकूम, शिव्या यांची त्यात कमतरता नव्हती. पण लोक ती हौसेने शिकू लागले, आपापसांत बोलू लागले, आणि मग घरचे प्रश्न पुढे आले. सोफ्यावर झोपलेल्या मांजराला क्लिंगॉनमध्ये काय म्हणायचं?

इंग्रजी शब्द उचलून क्लिंगॉन उच्चारात बसवणं सोपं होतं, आणि काही ठिकाणी तसं झालंही आहे. पृथ्वीला क्लिंगॉन “तेरा” म्हणतात, ते लॅटिन “टेरा”वरून. शेवटी घशात आवाज अडकवायचा, आपल्या बारानंतरच्या तेराशी त्याचा संबंध नाही. माणूस म्हणजे “खुमान”. प्राण्यांच्या बाबतीत ओक्रँडने बहुतेक वेळा दुसरी वाट धरली. क्लिंगॉनांच्या ग्रहावर मांजर नाही. मांजरासारखा “विघ्रो” आहे. कुत्र्याच्या जातकुळीतला “ङव्याव” आहे, घोड्यासारखा “षर्घ” आहे. तेव्हा पृथ्वीवरच्या जनावराला आपल्याकडच्या जवळच्या जनावराचं नाव द्यायचं. फारच नेमकेपणा हवा असेल, तर पुढे “तेरा” जोडता येतो: पृथ्वीवरचा विघ्रो. आपणही विलायती चिंचेला चिंच म्हणतोच की, झाडांचं थेट नातं नसताना.

म्हणजे उसनवारी झालीच नाही का? झाली, पण चोरवाटेने. माशाला क्लिंगॉनमध्ये “घोति” म्हणतात. रोमन लिपीत तो जी-एच-ओ-टी-आय असा लिहितात, शेवटी एक अपॉस्ट्रॉफी. इंग्रजी स्पेलिंगची खिल्ली उडवणारा जुना विनोद ज्यांना ठाऊक आहे ते इथे हसतात: “इनफ”मधला जी-एच म्हणजे फ, “विमेन”मधला ओ म्हणजे इ, “नेशन”मधला टी-आय म्हणजे श, जोडा, झाला “फिश”. हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपवला जातो, पण तो शॉच्या जन्माआधीपासून चालत आलेला आहे. ओक्रँडने इंग्रजीचा शब्द घेतला नाही, तिची फजिती घेतली! मला तरी सबंध कोशातला हा सर्वांत देखणा शब्द वाटतो. त्याच घरातला दुसरा म्हणजे “नोत्का”, एक मोठा काळा पक्षी. “नोत” म्हणजे कधीच नाही आणि “का” हा प्रत्यय म्हणजे पुन्हा. एडगर अ‍ॅलन पो यांच्या कवितेतला डोमकावळा काय घोकत बसतो, हे आठवलं की झालं.

नवे शब्द मात्र कुणीही पाडायचे नाहीत, असा या मंडळींचा दंडक आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूटच्या वार्षिक मेळाव्यासाठी सभासद हव्या असलेल्या शब्दांची यादी ओक्रँडकडे पाठवतात. तो देईल ते प्रमाण. इतकी कडक शिस्त आपल्या कुठल्याही भाषेला परवडली नसती.

वाक्यात मात्र हे प्राणी जपून वापरावे लागतात. क्लिंगॉनमध्ये कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी. “विघ्रो चोप ङव्याव” ऐकून मांजर कुत्र्याला चावलं असं वाटेल; प्रत्यक्षात कुत्रं मांजराला चावलं आहे. अनेकवचनातही भेद आहे. ज्यांना भाषा येते त्यांना “पू” लागतो, अवयवांना “डू”, बाकी सगळ्यांना “मेय”. त्यामुळे मांजरं आणि अंतराळयानं एकाच पंगतीला. सगळ्या जनावरांसाठी जो एक शब्द आहे, “खाडिबाख”, त्याचा दुसरा अर्थ मांस, आणि माणसाला उद्देशून वापरला तर ती शिवी. सुरुवातीचा “खा” आपल्याला ओळखीचा वाटतो, तो निव्वळ योगायोग.