विश्लेषण : रशियाचे ‘शॅडो फ्लीट’ पाश्चात्त्य निर्बंधांना कसे चकवते?

फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी ‘एस्टलिंक-२’ ही समुद्रतळावरची वीजवाहिनी २५ डिसेंबर २०२४ रोजी अचानक बंद पडली. फिनलंडने ‘ईगल एस’ हा टँकर ताब्यात घेतला. रशियन इंधन घेऊन निघालेल्या या जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेल्याचे तपासात दिसले. जहाजावर ध्वज होता कुक बेटांचा, तर खलाशी होते जॉर्जियाचे आणि भारताचे.

निर्बंध कशावर होते?

रशियाचे तेल पूर्ण रोखले असते, तर जगभर भाव भडकले असते. म्हणून जी-७, युरोपीय महासंघ आणि ऑस्ट्रेलियाने ५ डिसेंबर २०२२ पासून कच्च्या तेलावर प्रतिपिंप ६० डॉलरची दरमर्यादा घातली. त्याहून महाग तेल वाहणाऱ्या जहाजाला पाश्चात्त्य विमा आणि वित्तसेवा बंद. जगातील सुमारे ९० टक्के सागरी टनभाराचा दायित्व विमा मोजक्या ‘पी अँड आय क्लब’च्या गटाकडे असतो. त्यामुळे युद्धनौका न पाठवता केवळ विम्याच्या कागदावर रशियाला वेसण घालता येईल, असा हिशेब होता. तो हुशारीचा होता. मात्र या विम्याशिवाय रशिया तेल हलवूच शकणार नाही, हे त्यात गृहीत धरले होते.

पळवाट कशी निघाली?

जुने टँकर विकत घेतले गेले. (विकणाऱ्यांत ग्रीक जहाजमालकही होते, हे विशेष.) मालक म्हणून कागदी कंपन्या, ध्वज सहज नोंदणी देणाऱ्या देशांचा, ठावठिकाणा सांगणारी ‘एआयएस’ यंत्रणा हवी तेव्हा बंद आणि भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल. इराण आणि व्हेनेझुएलाच्या तेलासाठी हीच क्लृप्ती आधीपासून वापरात होती.

मग जहाजे अडवत का नाहीत?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे परक्या जहाजावर किनारी देशाचा अधिकार फार तोकडा असतो. ‘ईगल एस’चा खटला हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिकारक्षेत्राच्याच मुद्द्यावर फेटाळला. मे २०२५ मध्ये एस्टोनियाने ‘जॅग्वार’ टँकर तपासायचा प्रयत्न केला, तेव्हा रशियाचे सुखोई-३५ विमान ‘नाटो’ सदस्य देशाच्या हवाई हद्दीत शिरले आणि टँकर रशियाच्या दिशेने निघून गेला. ‘नाटो’ने जानेवारीत सुरू केलेली ‘बाल्टिक सेन्ट्री’ गस्त तेव्हा चालूच होती. विमा कंपनीच्या कचेरीतला प्रश्न असा थेट लढाऊ विमानांपर्यंत पोहोचला.

भारताचा संबंध काय?

२०२२ नंतर भारत रशियन तेलाचा मोठा खरेदीदार झाला. मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने काही रशियन विमा कंपन्यांना भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांसाठी मान्यता दिली. मात्र १० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने इंगोस्त्राख आणि अल्फास्त्राखोवानी या दोन रशियन विमा कंपन्यांनाच निर्बंधांच्या यादीत टाकले. अशा विम्यावरचा टँकर उद्या कोकण किनाऱ्याजवळ फुटला, तर मच्छीमारांची भरपाई कोणत्या बँकेतून यायची, हा प्रश्न त्यामुळे मॉस्कोइतकाच मुंबईचाही आहे.