टीसीपी आहे, मग ब्रोकर कशाला?

उमरखेड तालुक्यात पैनगंगेकाठच्या एखाद्या शेतात मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टर बसवला आहे आणि तो एमक्यूटीटी या निरोपांच्या प्रोटोकॉलवर चालतो, असे धरू. नवशिका प्रोग्रामर हमखास विचारतो: टीसीपी एकही बाइट हरवू देत नाही, मग मध्ये निरोप घेऊन पुढे पोचवणारा ब्रोकर कशाला?

टीसीपीची हमी खरी, पण जोडणी टिकेपर्यंतचीच. शिवाय पोच देते ती पलीकडची ऑपरेटिंग सिस्टिम. प्रोग्रामने निरोप वाचला का, मोटर फिरली का, याची तिला खबर नसते. आणि लाइट गेली की स्टार्टर जोडणी रीतसर तोडून जात नाही, नुसता गप्प होतो. कीप-अलाइव्ह, म्हणजे यंत्राने गप्प राहण्याची ठरलेली मुदत, ६० सेकंदांचा असेल, तर दीडपट म्हणजे ९० सेकंद काहीच आले नाही की मगच ब्रोकर त्याला गेलेला धरतो.

ही उणीव भरायला ब्रोकर लागतो. पण एमक्यूटीटी टीसीपीला हटवत नाही, त्याच्यावरच बसते. सहसा पोर्ट १८८३, टीएलएस एनक्रिप्शन असेल तर ८८८३. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी रचले, तेव्हा उपग्रहाची महागडी, तुटक जोडणी त्यांच्यासमोर होती. निरोप राखून ठेवायला खाली टीसीपीच हवे असेही नाही. बंद फोनसाठी एसएमएस राखून ठेवणारे केंद्र दूरसंचाराच्या सिग्नलिंगवर चालते.

‘ब्रोकर सगळे जपून ठेवतो’ हा ‘टीसीपी पुरे’ याहून महागात पडणारा समज. स्टार्टरचे सेशन कायम ठेवलेले नसेल किंवा क्यूओएस (निरोप पोचवण्याच्या हमीची पातळी) ० असेल, तर लाइट नसताना आलेला हुकूम सहसा गेलाच. रॅबिटएमक्यू या ब्रोकरमध्येही क्यू ड्युरेबल आणि निरोप पर्सिस्टंट नसेल, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना तो उडू शकतो.

बरे, क्यूओएस १ घेतले तर निरोप किमान एकदा पोचतो, म्हणजे दोनदाही येऊ शकतो. ‘मोटर चालू कर’ दोनदा आले तरी बिघडत नाही. ‘आहे त्याच्या उलट कर’ दोनदा आले, तर चालू झालेली मोटर लगेच बंद! असा हुकूम लिहिणाऱ्याने दोष नेटवर्कला देऊ नये. क्यूओएस २ दुबार निरोप टाळते, पण फक्त यंत्र आणि ब्रोकर यांच्यातल्या टप्प्यात.

उशिराचा प्रश्न उरतोच. सकाळचा हुकूम ब्रोकरकडे पडून राहिला आणि रात्री लाइट येताच पोचला, तर हळदीत पाणी तुंबेल. २०१९ साली ओएसिस या संस्थेचे मानक झालेल्या एमक्यूटीटी ५ मध्ये निरोपाला मुदत घालता येते. ती संपली की ब्रोकर निरोप टाकून देतो.