साधारण भिंग आणि विशालकोनी भिंग

कॅमेरा ही वस्तु आज घरोघर झाली आहे. परंतु एका भिंगास ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्यास ‘वाइड अँगल’ कां म्हणतात, असें विचारलें असतां सरळ उत्तर क्वचितच मिळतें. बहुतेक जण सांगतात कीं, जें मनुष्याच्या डोळ्याप्रमाणें पाहतें तें नॉर्मल. हें उत्तर विचारास टिकत नाहीं. आपले दोन डोळे मिळून जवळजवळ अर्धें वर्तुळ एकदम पाहतात. उलट, अगदीं स्पष्ट दिसतें तें मधल्या दोन-तीन अंशांपुरतेंच. मग भिंगानें यांपैकीं कशाची बरोबरी करावी?

या नांवांचा खरा आधार दोन मापांत आहे. दूरच्या वस्तूचें स्पष्ट चित्र भिंगामागें जितक्या अंतरावर पडतें, तें त्या भिंगाचें केंद्रांतर होय. दुसरें माप फिल्मच्या चौकटीच्या कर्णाचें. केंद्रांतर सुमारें कर्णाइतकें असेल तर भिंग साधारण. बरेंच कमी असेल तर विशालकोनी. जर्मनींतील वेट्झ्लार येथें ऑस्कर बारनॅक यांनीं रचलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला. त्याची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची, म्हणून कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर. भिंग ५० मिलिमीटरचें. पुढें तोच आंकडा रूढ झाला. कर्णाच्या दिशेनें त्यांत सुमारें ४७ अंशांचा देखावा मावतो. ३५ च्या भिंगांत ६३ अंशांचा, आणि २८ च्या भिंगांत ७५ अंशांचा.

यावरून दिसेल कीं, ‘विशाल’ हा गुण एकट्या भिंगाचा नव्हे. ८० मिलिमीटरचें भिंग ६ सेंटिमीटर चौरस फिल्मवर साधारण ठरतें. लायकाच्या लहान फिल्मवर तेवढ्याच केंद्रांतराचें भिंग दूरचें जवळ आणतें. हल्लींच्या मोबाइल फोनांतील मुख्य भिंग बहुधा लायकाच्या २४ ते २८ च्या भिंगाइतकें पाहतें. अर्थात् तें विशालकोनीच होय.

पण कर्णच कां निवडावा? याचें कारण चित्र पाहण्याच्या आपल्या रीतींत आहे. आपण फोटो हातीं धरतों तो सामान्यतः त्याच्या कर्णाइतक्या किंवा किंचित् अधिक अंतरावर. लायकाची चौकट पांचपट वाढविली म्हणजे १२ × १८ सेंटिमीटरचा फोटो होतो. त्यांतील दूर-जवळपणा खरा वाटावयास तो केंद्रांतराच्या पांचपट अंतरावरून पाहिला पाहिजे. ५० च्या भिंगास हें अंतर २५ सेंटिमीटर, म्हणजे पुस्तक वाचण्याचें. २८ च्या भिंगास अवघें १४ सेंटिमीटर. इतक्या जवळून कोण पाहतो? आपण लांबूनच पाहतों, आणि म्हणून लहानशी खोली चित्रांत दालनाएवढी लांब वाटते.

याच कारणानें वर्गाच्या फोटोंत टोकाचीं मुलें रुंद दिसतात. २८ च्या भिंगानें आडव्या चौकटीच्या अगदीं कडेचें डोकें सुमारें पांचव्या हिश्शानें ताणलें जातें. ५० च्या भिंगानें सोळाव्या हिश्शानें. जागा असेल तर छायाचित्रकारानें मागें सरून साधारण भिंग वापरावें, हें उत्तम.

आतां एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोन हातांत धरून काढलेल्या स्वतःच्या फोटोंत नाक मोठें दिसतें, तेव्हां कित्येक तरुण आपल्या चेहऱ्यास किंवा भिंगास दोष देतात. दोन्ही निर्दोष आहेत. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर आणि कानांपासून ४० सेंटिमीटरवर आहे असें धरूं. मग कानांच्या मानानें नाक एक-तृतीयांशानें मोठें उमटेल. तोच फोन दीड मीटरवर ठेविला तर ही वाढ पंधराव्या हिश्शावर येईल. भिंग तेंच, चेहरा तोच. बदललें तें अंतर. एकाच जागेवरून दोन्ही भिंगांनीं फोटो काढावे आणि विशालकोनी चित्राचा मधला भाग कापून मोठा करावा. वस्तूंचीं परस्परांशीं प्रमाणें दोहोंत सारखींच आढळतील.

सारांश, देखावा किती मावावा हें भिंग व चौकट मिळून ठरवितात. वस्तूंचा लहान-मोठेपणा आपण उभे राहतों ती जागा ठरविते. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः करून पाहावा, आणि एखाद्या फोटोवरून कोणाच्या रूपाविषयीं, स्वतःच्या देखील, मत बनविण्यापूर्वीं तो किती अंतरावरून काढला आहे हें आधीं विचारावें.