अंगठा उमटला नाही, म्हणून?
लेखमाला : हक्क आणि यंत्र (भाग 5)

मुखेड, कंधार, जळकोट या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. महिनोन्‌महिने कोयता धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. मग रेशन दुकानात ई-पॉस मशीनच्या काचेवर अंगठा ठेवायचा, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायचा, मग दुसरं बोट, मग घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट. शेवटी दुकानदार सांगतो, ‘थंब घेत नाही, उद्या या.’ उद्या परत यायचं तर आणखी एक रोज बुडतो.

मागच्या भागात आपण सर्वोच्च न्यायालयाचा 24 ऑगस्ट 2017 चा, खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा निकाल पाहिला. त्याच पुट्टस्वामी प्रकरणात 26 सप्टेंबर 2018 रोजी आधार कायद्याचा निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा मतांनी कायदा टिकला, सरकारी अनुदानासाठी आधार मागण्याची मुभा राहिली. पण ओळख पटवण्यात यंत्र कमी पडलं म्हणून पात्र माणसाचा लाभ अडणार नाही, ही सरकारने दिलेली हमी न्यायालयाने निकालात नोंदवून घेतली. अशी हमी द्यावी लागली त्यामागे दुःख होतं. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर 2017 मध्ये 11 वर्षांची एक मुलगी दगावली. आधार न जोडल्यामुळे रेशन बंद झालं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात केंद्राने राज्यांना लेखी कळवलं की, आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्यावरून कोणाचं धान्य अडवू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्या.

म्हणजे ‘थंब घेत नाही’ हे धान्य नाकारण्याचं कायदेशीर कारणच नाही. धान्याचा हक्क 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला आहे : प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असं याच कायद्याचं कलम 8 सांगतं. गावोगावच्या रेशन दुकानांवर भाव आणि वेळा लिहिलेल्या असतात. हे कलमही तिथे ठळक लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कायद्यात असणं आणि नुसतं जीआरमध्ये असणं यात किती अंतर आहे, हे नांदेड-लातूरला वेगळं सांगायची गरज नाही. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळत होता. हे लोक अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत नव्हते, त्यांचं धान्य राज्याच्या जीआरवर चालू होतं. 2023 मध्ये दुसरा जीआर निघाला आणि धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात जमा करायचं ठरलं, पुढे ते 170 झाले. पाच किलो धान्याला 150 म्हणजे किलोला 30 रुपये. बाजारभाव वर गेला तर फरक शेतकऱ्याच्या खिशातून. शिवाय दुकानाचा प्रश्न बँकेत गेला : खातं हवं, ते आधारशी जोडलेलं हवं. धान्य बंद झालं तेव्हा दाद मागायला कलम 8 नव्हतं.

वैयक्तिक विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. अनुदान आणि लाभ देण्यासाठी सरकारने आपली माहिती वापरली तर त्याला वेगळी संमती लागत नाही. खरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या 30 एप्रिल 2025 च्या निकालात सापडतो. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना डिजिटल केवायसी करता येत नाही, अशा याचिकांवर न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 20 निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून खातं नाकारता येत नसेल, तर झिजलेल्या अंगठ्यालाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

अडतं ते पुराव्यापाशी. धान्य मिळालं की मशीनमधून पावती निघते. अंगठा जुळला नाही तर हातात काहीच पडत नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलं की विचारतात, ‘तुम्ही दुकानात गेला होता कशावरून?’ म्हणून माझी मागणी एवढीच आहे : नाकारलेल्या प्रत्येक अंगठ्याची पावती छापा, तारीख, वेळ आणि कारणासह. ती सुरू होईपर्यंत तारीख-वेळ वहीत टिपून ठेवा, 1967 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि त्या क्रमांकासह जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. तिथेही ऐकलं नाही तर राज्य अन्न आयोग आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा विनाकारण न देणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 33 ने आयोगाला दिला आहे.